दोर न कापता

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ११ व्या आवृत्तीला शेवटची डागडुजी मिळाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. ती ज्या सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत होती, तिची मुदत ३० जून २०२४ ला संपणार होती. मी ज्या दूध संघाचं सॉफ्टवेअर सांभाळते, तिथे ही दोन्ही म्हातारी माणसं एकाच मशीनवर नांदत होती आणि २०१९ पासून त्यांना कुणी हात लावला नव्हता. चालतंय ना, मग कशाला? हे उत्तर मीही तीन वर्षं दिलं होतं.

संघाला सुट्टी नसते. दिवाळी असो की मतदान, म्हैस दोन वेळा दूध देतेच. गावोगावच्या संस्थांमध्ये पहाटे पाचला संकलन सुरू होतं, संध्याकाळी पुन्हा तेच. प्रत्येक सभासदाचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) आमच्या सर्व्हरवर येतं आणि दर दहा दिवसांनी त्यावरून बिल निघतं. संध्याकाळचा शेवटचा डेटा यायला साडेनऊ वाजतात. म्हणजे रात्री दहा ते पहाटे साडेचार एवढाच वेळ आमचा. उन्हाळ्यात दूध कमी असतं म्हणून मे महिना धरला. ७ मेला कोल्हापुरात लोकसभेचं मतदान होतं, त्या आठवड्यात कुणाला काही सांगायची सोय नव्हती. १ ते १० तारखेचं बिल वाटून झालं की मग, असं करत करत १४ मेची रात्र ठरली.

नवं मशीन आलं, त्यावर रॉकी लिनक्स ९ ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. जायचं होतं पोस्टग्रेस १६ वर. वाटा तीन. पहिली साधी: जुन्यातून सगळं डंप काढायचं, म्हणजे फाइलीत उतरवायचं, आणि नव्यात भरायचं. आमचा डेटा १८० जीबी. आठ कामं समांतर लावूनही डंप आणि रिस्टोअर मिळून चार तास दहा मिनिटं लागली. साडेसहा तासांत हे बसतं, पण तिसऱ्या तासाला काही अडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला वेळ उरत नाही. दुसरी वाट लॉजिकल रेप्लिकेशनची, म्हणजे जुन्यातला प्रत्येक बदल नव्याकडे पाठवत राहायचा. ती कागदावर फार सुंदर दिसते, पण सीक्वेन्सचे (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांचे) आकडे त्यातून जात नाहीत आणि आमच्याकडे प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची वेगळी ओळख, नसलेली सत्तरेक टेबलं. ती कुणी, का बनवली ते विचारू नका, त्यातली काही माझीच आहेत.

तिसरी पोस्टग्रेसच्याच पीजी-अपग्रेड या साधनाची. एका आवृत्तीतून दुसरीत जाताना टेबलांच्या डेटा फाइलींची डिस्कवरची मांडणी सहसा बदलत नाही, बदलतो तो कॅटलॉग, म्हणजे कुठलं टेबल कुठे आहे याची वही. पीजी-अपग्रेड फक्त वही नव्यानं लिहितं आणि फाइली तशाच उचलतं. लिंक पर्याय दिला तर फाइलींची नक्कलही करत नाही, हार्ड लिंक लावून, म्हणजे त्याच फाइलीला दुसरं नाव देऊन, मोकळं होतं. म्हणून १८० जीबी असोत की १८००, काम काही मिनिटांत. पण लिंक लावून नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुना पुन्हा सुरू करायचा नाही, कारण दोघांच्या फाइली त्याच. सूर्याजीनं गडावरचे दोर कापले म्हणून मावळे लढले, असं आपण शाळेत शिकलो. डेटाबेसच्या कामात दोर कापून लढणारा माणूस मला नोकरीवर ठेवायचा नाही.

म्हणून बेत असा केला. नव्या मशीनवर ११ आणि १६ दोन्ही बसवायच्या. जुन्या मशीनवरच्या ११ चा रेप्लिका, म्हणजे सतत ताजी राहणारी नक्कल, नव्या मशीनवरच्या ११ मध्ये आधीपासून चालू ठेवायचा. रात्री जुनं बंद करायचं, नव्यावरचा ११ प्रमोट करून, म्हणजे नकलेचा मुख्य सर्व्हर करून, बंद करायचा आणि तिथल्या तिथे लिंक लावून १६ करायचा. दोर कापले जातील ते नव्या मशीनवरचे. जुनं मशीन जसंच्या तसं, हात न लावता, शेजारी उभं.

एप्रिलमध्ये रंगीत तालीम घेतली. चेक पर्याय लावून पीजी-अपग्रेड चालवलं, म्हणजे ते काही करत नाही, फक्त तपासून सांगतं. त्यानं पहिल्याच फटक्यात एक टेबल दाखवलं, 'विथ ओआयडी' बनवलेलं, म्हणजे प्रत्येक ओळीला छुपा क्रमांक देणारं. ही सोय आवृत्ती १२ पासून काढून टाकली आहे. टेबल २००९ सालचं, पशुखाद्याच्या उधारीचं. एक अल्टर (टेबलाची रचना बदलायचा आदेश) चालवला, टेबल पूर्ण नव्यानं लिहिलं गेलं, तेवढा वेळ पशुखाद्याचं काउंटर थांबलं आणि तिथल्या माणसानं फोनवर मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्यांदा चेक स्वच्छ. खरं अपग्रेड दोन मिनिटं पन्नास सेकंदांत आटोपलं. टेबलं मोजली, ओळी मोजल्या, सगळं जुळलं. मी खूश. सहा संस्थांच्या सचिवांना सांगितलं, उद्या दिवसभराचं संकलन तालमीच्या सर्व्हरवरही पाठवून बघा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक नंबरच्या संस्थेच्या आबांचा फोन.

"ताई, एक-एकोणीस न्हाई गावत."

"आबा, नंबर नीट टाकला का?"

"बत्तीस वर्षं टाकतोय. यादीत हाय, शोधला की न्हाई. माणूस सकाळी दूध घालून गेलाय की ओ."

आमचे सभासद क्रमांक असे असतात: आधी संस्थेचा नंबर, मग आडवी रेघ, मग सभासदाचा नंबर. १-१९ म्हणजे पहिल्या संस्थेचा एकोणिसावा. मी क्वेरी मारली, क्रमांक बरोबर '१-१९'. शून्य ओळी. मग इंडेक्स (झटपट शोधण्यासाठी क्रमानं लावलेली सूची) वापरायचे दोन्ही प्रकार त्या सेशनपुरते बंद केले आणि तीच क्वेरी पुन्हा मारली, म्हणजे आता पोस्टग्रेसला सगळं टेबल पहिल्यापासून वाचावं लागणार. दोन ओळी. एक जुनी, बँक खात्यासकट. दुसरी आज सकाळी सहा वाजून बारा मिनिटांची, खातं रिकामं. ज्या रकान्यावर युनिक, म्हणजे एकच किंमत दोनदा येऊ न देणारा, इंडेक्स आहे, त्यात एकच क्रमांक दोनदा. माझ्या हातातला चहा तसाच गार झाला.

घोळ पोस्टग्रेसचा नव्हता. अक्षरं कुठल्या क्रमानं लावायची हे पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही, आम्ही निवडलेल्या मांडणीत ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या जीलिबसी या लायब्ररीला विचारतं. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ मध्ये हे क्रम मोठ्या प्रमाणात बदलले. सेंटओएस ७ मध्ये होती २.१७, रॉकी ९ मध्ये आहे २.३४. जुन्या क्रमात आडवी रेघ आधी जमेतच धरत नव्हते, म्हणजे १-१९ हा ११९ सारखा आणि ११-२ हा ११२ सारखा. म्हणून ११-२ आधी, १-१९ नंतर. नव्या क्रमात रेघेला स्वतःची जागा मिळाली, ती आकड्यांच्या आधी. म्हणून आता १-१९ आधी.

आमचा इंडेक्स रेप्लिकातून जसाच्या तसा आला होता, जुन्या क्रमानं लावलेला. शोधणारा मात्र नव्या क्रमानं शोधत होता. 'क्षत्रिय' हा शब्द कुणी क मध्ये शोधतं, कुणी पार शेवटी ज्ञ च्या आधी. कोश एका पद्धतीनं लावलाय आणि तुम्ही दुसऱ्या पद्धतीनं पानं उलटताय, तर शब्द कोशात असूनही सापडणार नाही. आणि आमचा संकलनाचा प्रोग्राम काय करतो? सभासद असेल तर त्याची ओळ सुधार, नसेल तर नवी घाल. इंडेक्स म्हणाला नाही, त्यानं घातली. एका दिवसात, सहा संस्थांत, २१४ सभासद दुप्पट. हे खऱ्या सर्व्हरवर झालं असतं तर दहा दिवसांनी बिल निघताना संघाची एकूण रक्कम पैशापर्यंत जुळली असती आणि २१४ घरांत निम्मेच पैसे पोचले असते. बाकीचे खातं नसलेल्या जुळ्या भावांच्या नावावर.

ज्याला आपलं मशीन तपासायचं आहे त्यानं दोन ओळींची फाइल करावी, एकीत '१-१' आणि दुसरीत '११', आणि दोन्ही मशीनवर सॉर्ट मारावं. माझ्या जुन्या मशीनवर ११ वर आलं, नव्यावर १-१. एवढं दहा सेकंदांचं काम मी आधी केलं नव्हतं. पोस्टग्रेस ११ नं इशाराही दिला नाही, कारण जीलिबसीचा क्रम कुठल्या आवृत्तीचा आहे हे नोंदवून ठेवायची सोयच तेव्हा नव्हती. अख्ख्या डेटाबेसच्या क्रमाची आवृत्ती नोंदवणं १५ पासून सुरू झालं, आणि अपग्रेड होताना तिथे आजचीच आवृत्ती लिहिली जाते. त्यामुळे १६ च्या मते सगळं आलबेल. डंप-रिस्टोअरची वाट घेतली असती तर इंडेक्स नव्यानंच बांधले गेले असते आणि ही भानगड झालीच नसती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

अमचेक नावाचं एक एक्स्टेन्शन पोस्टग्रेससोबतच येतं. त्यानं इंडेक्स तपासले तर सभासद क्रमांकाच्या इंडेक्सवर लगेच ओरडलं: 'आयटम ऑर्डर इन्व्हेरिअंट व्हायोलेटेड'. उपाय एकच, अक्षरांच्या रकान्यांवरचे सगळे इंडेक्स नव्यानं बांधणे. कॅटलॉगमधून यादी काढली, ६३ निघाले. तालमीच्या सर्व्हरवर रीइंडेक्स लावलं तर युनिक इंडेक्सवर अडकलं, कारण दुप्पट ओळी तोवर येऊन बसल्या होत्या. त्यातून क्रम पक्का झाला: अपग्रेड, मग रीइंडेक्स, मग अमचेक, आणि त्यानंतरच बाहेरच्यांना दार उघडायचं. मध्ये एकही ओळ लिहिली जाता कामा नये. दुसरी तालीम अशी घेतली. रीइंडेक्सला ३८ मिनिटं. आबांनी एक-एकोणीस टाकला, नाव आलं.

१४ मेची रात्र. आम्ही दोघं, मी आणि एक सहकारी. ठरवलं होतं की हात माझे आणि निर्णय त्याचा, कारण पाच तास एका कामात डोकं घातलेल्या माणसाला 'आता परत फिरू' असं म्हणवत नाही. वेळ अडीचची. अडीचला यादीतली एक जरी गोष्ट बाकी असेल तर जुनं मशीन चालू करायचं आणि घरी जायचं, चर्चा नाही.

दहाला सगळे प्रोग्राम थांबवले, तरी एक कनेक्शन दर मिनिटाला येतच होतं. कुठल्याशा बल्क कूलरच्या तापमानाची नोंद पाठवणारी सेवा, जिचं अस्तित्वच आम्ही विसरलो होतो. कुणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या एचबीए फाइलमध्ये आम्ही दोघं सोडून सगळ्यांना नकार लिहिला, मग शांत झालं. जुना सर्व्हर नीट बंद केला, मग रेप्लिका बंद केला आणि दोन्हीकडचा शेवटच्या चेकपॉइंटचा पत्ता (लिखाण कुठवर पोचलं त्याची खूण) कागदावर लिहून शेजारी शेजारी धरला. अक्षर न् अक्षर तेच. म्हणजे जुन्याची शेवटची ओळही नव्यात पोचली होती. हे करायला दोन मिनिटं लागतात आणि पुढचे चार तास जिवाला घोर राहत नाही.

मग रेप्लिका सुरू करून प्रमोट केला आणि पुन्हा नीट बंद केला. अपग्रेड दोन मिनिटं छप्पन्न सेकंद. रीइंडेक्स ४० मिनिटं. अमचेक गप्प. मग ॲनालाइझ, तीन टप्प्यांत. हे विसरून चालत नाही, कारण १६ वर जाताना टेबलांची आकडेवारी सोबत येत नाही आणि तिच्याशिवाय क्वेरी आंधळ्यासारख्या चालतात.

सव्वाच्या सुमारास पोटात गोळा आला. तपासणी म्हणून १ ते १० मेचं बिल दोन्ही आवृत्त्यांवर काढून फाइली ताडून बघायच्या होत्या. जुनी फाइल संध्याकाळीच काढून ठेवली होती. ताडल्या तर ३४० ओळी वेगळ्या. सहकाऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं, बोलला काही नाही. मी पहिली वेगळी ओळ उघडली. जुन्यात सरासरी फॅट ६.४, नव्यात ६.३९९९९९९९९९९९९९९५. रक्कम तीच. तेव्हा आठवलं, आवृत्ती १२ पासून पोस्टग्रेस अपूर्णांक पूर्ण अचूकतेनं छापतं, आधी पंधरा आकड्यांवर गोल करायचं. आत साठलेली किंमत पहिल्यापासून तीच होती, आता फक्त खरं बोलत होती. एक्स्ट्रा-फ्लोट-डिजिट्स ही सेटिंग शून्य करून पुन्हा काढली. फरक शून्य ओळी. फॅटसारखी गोष्ट कुणी फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, का ठेवली, हा विषय त्या रात्री आम्ही काढला नाही.

दोन वाजता सहकारी म्हणाला, "घाल."

जायचं की परतायचं याचा खरा क्षण मात्र पहाटे पाचचा. पहिल्या संस्थेत पहिली बरणी वजनाला लागली की ती नोंद फक्त नव्यावर असते. त्यानंतर जुन्याकडे जायचं तर ती नोंद टाकून जावं लागतं. त्यासाठी आम्ही पहिले दोन दिवस आलेली प्रत्येक नोंद वेगळ्या साध्या फाइलमध्येही लिहीत होतो, म्हणजे वेळ पडलीच तर जुन्यावर पुन्हा भरता येईल. ती फाइल वापरावी लागली नाही.

सकाळी दोन कुरबुरी. हिशेब विभागाला लॉगिन होईना, कारण नव्या एचबीए फाइलमध्ये सहकाऱ्यानं स्क्रॅम ही नवी पासवर्ड पद्धत लिहिली होती आणि त्यांचा पासवर्ड जुन्या एमडी५ पद्धतीनं साठवलेला. एमडी५ लिहिलं की दोन्ही प्रकारचे पासवर्ड चालतात, तेवढं बदललं. आणि दर-फरकाचा अहवाल चाळीस सेकंदांवरून अकरा मिनिटांवर गेला. त्यात एक 'विथ', म्हणजे क्वेरीचा वेगळा काढलेला तुकडा, होतं. १२ पासून असं एकदाच वापरलेलं 'विथ' मुख्य क्वेरीत विरघळवून टाकतात, आधी ते वेगळं चालवून ठेवायचे. 'मटेरिअलाइझ्ड' हा एक शब्द घातल्यावर अहवाल ठिकाणावर आला.

लाज वाटावी अशी गोष्ट तिसऱ्या दिवशी सापडली. रात्रीचा बॅकअप रोज व्यवस्थित होत होता, फाइल तयार होत होती, तारीख बरोबर. आकार मात्र २० बाइट. जुन्या मशीनवरची स्क्रिप्ट मी तशीच उचलली होती आणि तिच्यात ११ च्या पीजी-डंपचा पत्ता होता. अपग्रेडसाठी ११ नव्या मशीनवर बसवलेली असल्यानं पत्ता सापडतही होता. पण जुना पीजी-डंप नव्या सर्व्हरचा डंप काढायला नकार देतो, आणि स्क्रिप्ट तो नकार कुठेच लिहीत नव्हती. रिकामा मजकूर जीझिप केला, म्हणजे दाबून साठवला, की बरोबर २० बाइटची फाइल होते. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचा डेटाबेस चुकून पुसला गेला तेव्हा त्यांच्याकडेही हेच निघालं होतं, सर्व्हर ९.६ चा आणि डंप काढणारा ९.२ चा. त्यांनी ते जगजाहीर लिहून ठेवलं होतं, मी वाचलेलं होतं, हळहळलेही होते. आता स्क्रिप्ट फाइलचा आकार बघते, आणि दर रविवारी तोच बॅकअप जुन्या डेस्कटॉपवर रिस्टोअर करून सभासद मोजते.

जुनं मशीन पुढची दोन बिलं निघेपर्यंत नेटवर्कची वायर काढून ठेवलं, वर कागद चिकटवला: 'हात लावू नये'. जुलैमध्ये सभासद क्रमांकाच्या रकान्याचा क्रम सी केला, म्हणजे सरळ बाइटनुसार. क्रमांकाला कसलं आलंय भाषेचं व्याकरण! पुढच्या वेळी जीलिबसीनं काहीही केलं तरी निदान तो इंडेक्स हलणार नाही.

त्याच सुमारास आबा संघात आले होते, हातात सभासदांची छापील यादी.

"ताई, यादी आता झ्याक लागतीया. आदी आमच्या माणसांत अकरा नंबरवाल्यांची नावं मदीमदी घुसायची. मुद्दाम केलं न्हवं?"

मी हो म्हणाले.